आडवाटेचं रक्त

"तुम्हाला अटॅक कधी येऊन गेला?" डॉक्टरांनी कार्डिओग्रामच्या पट्टीवरची नजर न उचलता विचारलं. सावळीराम शर्टाची बटणं लावत होता. छातीला लावलेला गार चिकटा रुमालाने पुसूनही बनियन अंगाला ओढत होतं, आणि त्याचं अर्धं लक्ष दाराबाहेरच्या रांगेकडे होतं. ओझरच्या विमान कारखान्यात पन्नाशी उलटलेल्या कामगारांची अशी तपासणी दर जानेवारीत व्हायची. ती उरकली की अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही, उन्हात उभं राहून निवांत चहा पिता यायचा. त्याला आधी वाटलं, डॉक्टर मागच्या माणसाला विचारताहेत. मागे कुणीच नव्हतं. "मला?" तो म्हणाला. "मला नाही आला कधी." डॉक्टरांनी पट्टी त्याच्यासमोर धरली, पेनाचं टोक एके ठिकाणी टेकवलं. "आलाय. छोटा आहे आणि जुना आहे, पण आहे. साखर आहे ना तुम्हाला? साखरेच्या माणसाला कधी कधी कळत नाही. मोठ्या दवाखान्यात जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, या महिन्यातच." आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

चहा प्यायचा राहूनच गेला. टूल स्टोअरच्या खिडकीत तो तीस वर्षं बसत होता. हत्यारं द्यायची, बिल्ला ठेवून घ्यायचा, हत्यार परत आलं की बिल्ला परत. त्या दिवशीही त्याने सगळं बिनचूक दिलं-घेतलं. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर, आडगाव मागे पडल्यावर, तो प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसला. अटॅक आला, यापेक्षा तो कधी आला हे माहीत नसणं त्याला जास्त लागलं होतं. आजारपण ही त्याची आयुष्यभराची एकमेव जहागीर. पंधराव्या वर्षी विषमज्वर, सव्वा महिना. चौऱ्याहत्तर साली कावीळ. मग दम्यासारखं काहीतरी, मग साखर. मखमलाबादच्या मळ्यात भावकीतली माणसं भेटली की "कसं काय" असं विचारायच्या ऐवजी "आता काय झालंय" असं विचारत. प्रत्येक दुखण्याची तारीख, औषधाचा रंग, त्या वेळी शेतात कुठलं फूल होतं हेसुद्धा त्याला पाठ होतं. आणि एवढी मोठी गोष्ट अंगावरून निघून गेली आणि त्याला पत्ता नाही. तो आठवू लागला. ब्याण्णव साली लासलगावला मार्केट यार्डाबाहेर मेव्हण्याची कांद्याची ट्रॉली चिखलात रुतली होती, सगळ्यांबरोबर त्यानेही खांदा लावला होता आणि नंतर बराच वेळ त्याला श्वास पुरत नव्हता. तेव्हा? की अठ्ठ्याण्णवला नामपूरच्या लग्नात, जेवणावळीनंतर पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कुणीतरी मूठ रोवल्यासारखं झालं होतं आणि बायकोने, प्रतिभाने, ओवा-सोडा दिला होता, तेव्हा? ब्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मधली वर्षं त्याचं मन न थांबता ओलांडत होतं. बस सिडकोत पोचेपर्यंत त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

प्रतिभाने कागद वाचला, पुन्हा वाचला. ती बालवाडीत शिकवायची. कुठलाही कागद आला तरी आधी त्याच्यावरची सही बघायची. "तुम्ही घाबरलाय का?" तिने विचारलं. "नाही." "मग जेवत का नाही?" तो जेवला. हात धुताना ती मागे येऊन उभी राहिली. "मळ्यात कळवायचं का? आईंना?" "नको," तो चटकन म्हणाला. प्रतिभा म्हणाली, "कधीतरी सांगावंच लागेल." त्याने नळ बंद केला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली अकरा ती या एका गोष्टीला हात न लावता राहिली होती. मळ्यातलं घर सोडून सिडकोतल्या दोन खोल्यांत का आलो, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. लोकांना सांगायला कारणं होती. बस दारात येते, मुलीची शाळा जवळ आहे, मळ्यात पाण्याची बोंब. ती सगळी खरी होती.

दवाखाना मुंबई नाक्याच्या बाजूला होता. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्याला भरती करून घेतलं, हिरवा झगा दिला, आणि एक तिशीची डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्याच्या खाटेशेजारी बसली. डॉक्टर वेदिका. अँजिओग्राफी मोठे डॉक्टर करणार होते. ही त्यांच्या हाताखाली होती आणि तिचा स्वतःचा काही अभ्यास चालू होता. तिने ट्रेमध्ये काचेच्या सहा नळ्या आणल्या होत्या. "चार दवाखान्याच्या, दोन माझ्या," ती म्हणाली. "माझ्या दोन द्यायच्या की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही, काका." त्याला कुणी काही ठरवायला सांगितलंय याचीच त्याला गंमत वाटली. "कसला अभ्यास?" त्याने विचारलं. तिने फॉर्मच्या मागे पेनाने हृदय काढलं, त्यावरून उतरणाऱ्या दोन-तीन रेघा. "यातली एखादी रक्तवाहिनी चोंदली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग मरतो. पण काही माणसांत आजूबाजूच्या बारीक, केसाएवढ्या वाहिन्या रुंद होतात. त्या दुसरीकडून रक्त आणून पोचवतात. आडवाटेने. अशी माणसं वाहिनी पूर्ण बंद होऊनही हिंडत-फिरत असतात. आणि काहींमध्ये त्या वाटा फुटतच नाहीत. असं का, ते अजून नीट कळलेलं नाही. रक्तात काही प्रथिनं असतात, ती शरीराला नवी वाट काढायला सांगत असावीत असा आमचा अंदाज आहे. म्हणून दोन्ही तऱ्हेच्या माणसांचं रक्त ताडून बघतोय." त्याने दंड पुढे केला. "घ्या."

रक्त काळसर होतं, हळूहळू चढत होतं. ते बघत असताना ती फॉर्म भरू लागली. वय चोपन्न. साखर बारा वर्षं. तंबाखू नाही. "घरात कुणाला हृदयविकार?" "भावाला." "मोठे की धाकटे?" "धाकटा. गोरक्ष." फॉर्ममध्ये नावाला जागा नव्हती, तरी तिने ते समासात लिहिलं. "आता कसे आहेत?" "गेला. पंच्याण्णव साली. अडतिसाव्या वर्षी." तिचं पेन थांबलं. "आधी काही त्रास? चालताना धाप, छातीत भरून येणं?" "त्याला?" सावळीरामला हसूच आलं, आणि ते आपल्याच तोंडातून बाहेर पडलेलं ऐकून तो ओशाळला. "त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही हो. झेंडूचे दोन-दोन क्रेट एकदम उचलायचा. पहिलवान होता. त्रास सगळा माझ्या वाट्याला." ती नळी हलवत म्हणाली, "असंच होतं पुष्कळदा. हळूहळू चोंदत गेली तर शरीराला वेळ मिळतो, आडवाटा वाढवायला. एकदम गाठ बसली तर वेळच नाही मिळत. धडधाकट माणूस असतो आणि..." तिने वाक्य सोडून दिलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्याचं रक्त असतं तर कळलं असतं का?" "काय?" "त्याच्यात का नाही फुटल्या ते." तिने त्याच्याकडे बघितलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर धीर द्यायला काहीतरी बोललं असतं. "कदाचित," ती म्हणाली. "नक्की नाही. आता नाहीच कळणार, काका."

मांडीच्या सांध्यातून नळी घातली तेव्हा दुखलं नाही. छातीत एकदम ऊन पसरलं, इतकंच, आणि पडद्यावर काळ्या फांद्या उमटल्या आणि विरल्या. मोठे डॉक्टर इंग्रजीत काहीतरी म्हणाले, दोघंतिघं पडद्याजवळ सरकली. नंतर वेदिकाने त्याला ते समजावून सांगितलं. उजवीकडची वाहिनी मुळाजवळच पूर्ण बंद होती, शंभर टक्के. पण डावीकडे रंग सोडला की तो बारीक बारीक वाहिन्यांतून, उलट्या दिशेने, मागून येऊन बंद उजवीला भरत होता. "इतक्या छान वाढलेल्या मी कमी बघितल्यात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. सावळीरामला आयुष्यात अंगापिंडाबद्दल पहिल्यांदाच कुणी शाबासकी दिली. हृदयाचा स्नायू जिवंत होता, थोडासा डाग सोडला तर. कापाकापीची घाई नव्हती. गोळ्या, पथ्य, चालणं. "कधी बंद झाली?" त्याने विचारलं. "ते नाही सांगता येत." "अंदाजे?" "जुनी आहे. पाच वर्षं, दहा वर्षं." "अकरा असतील?" ती जरा चकित झाली. "असूही शकतील. का?" तो म्हणाला, "सहज."

नंतर सहा तास उजवा पाय न हलवता पडून राहायचं होतं. मांडीवर वाळूची पिशवी ठेवली होती. बाहेर दुपार होती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, शेजारच्या खाटेवरचा सटाण्याकडचा म्हातारा आपल्या मुलाला "मले घर लई चाल, मन्ह काम शे" असं म्हणत घरी न्यायला परत परत विनवत होता. पाय बांधल्यासारखा झाला तसं मनाला पळायला जागा उरली नाही, आणि इतके दिवस जे वर्ष ते ओलांडत होतं, त्याच्यापाशी ते येऊन थांबलं. दसऱ्याचा आदला दिवस. सावळीरामला पाच दिवस हिवताप होता, म्हणून रजा होती. त्याची खाट ओसरीवर, दाराच्या तोंडाशीच टाकली होती, वारा लागावा म्हणून. अंगणात झेंडूचे ढीग. माणसांच्या गुडघ्याएवढे केशरी ढीग, आणि त्यांचा तो कडवट, औषधी वास, तापात तो नाकातून डोक्यात चढत होता. पहाटेपासून गोरक्ष क्रेट भरत होता, फूलबाजारात पहिला टेम्पो आपला लागला पाहिजे म्हणून सगळ्यांना घाई करत होता. मध्येच तो ओसरीवर आला. पिवळ्या पडलेल्या बोटांचा पंजा त्याने सावळीरामच्या कपाळावर ठेवला. "उतरला की दादा ताप," तो म्हणाला. "उद्या सोनं द्यायला उठशील बघ." तोच हात. चौऱ्याहत्तर साली कावीळ झाली तेव्हा सतरा वर्षांचा गोरक्ष त्याला रोज सायकलच्या मागच्या सीटवर बसवून पंचवटीतल्या वैद्याकडे न्यायचा; चढावर उतरून ढकलायचा, पण सावळीरामला उतरू द्यायचा नाही. "तू बस, दादा." त्याच्या पाठीचा घामाचा ओला पट्टा बघत बसायचं, एवढंच सावळीरामकडे काम असायचं. धाकट्या भावाच्या पाठीमागे बसून आपण आयुष्य काढणार, हे तेव्हा ठरलेलंच होतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

कपाळावरचा हात उचलून गोरक्ष अंगणात गेला. क्रेट उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग गुडघ्यावर, मग त्या फुलांवर कुशीवर पडला, आणि बायकांना वाटलं चेष्टा करतोय, कारण तो तसा चेष्टेखोर होता. टेम्पोतून फुलं काढून त्यात त्याला झोपवलं. दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला परत आणलं तेव्हा टेम्पोच्या तळाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. आणि मग आई. मालनबाई अंगणात बसली होती, बायकांनी तिला धरलं होतं, ती रडत नव्हती, एकसारखी डाव्या हाताने माती सपाट करत होती. एकदम तिने मान वर केली. ओसरीवर सावळीराम खाटेवर उठून बसला होता, पांघरूण अंगाभोवती, पायात बळ नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं की त्याच्या पलीकडे बघितलं, ते त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही. पण ती बोलली ते शब्द त्याने ऐकले. "ज्याला न्यायचं तो खाटंवर पडेल व्हता," ती म्हणाली. "अन् माझा उभा गडी उचलून नेला. चुकला. तो चुकला." कुणीतरी बाईने तिच्या तोंडावर पदर धरला. सावळीराम हळूच परत आडवा झाला. त्याला वाईट वाटलं नव्हतं तेव्हा. त्याला ते बरोबर वाटलं होतं. तेच सगळ्यांत वाईट होतं. हिशेबात चूक झालीय आणि ती आपल्या नावावर आहे, हे त्याने मान्य करून टाकलं, आणि पुढे रोज सकाळी उठल्यावर डोळे उघडताना ते त्याला मान्य करावं लागलं. महिन्याभरात त्याने सिडकोत जागा बघितली. आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं." दर रविवारी तो मळ्यात जायचा, ओसरीवर बसायचा, गोरक्षच्या बायकोच्या, शुभांगीच्या हातचं जेवायचा, फुलांचे भाव विचारायचा आणि उन्हं उतरायच्या आत निघायचा. अकरा वर्षांत तिथे तो एकदाही आडवा झाला नव्हता.

आणि दहावा दिवस. आता वाळूच्या पिशवीखाली पाय बधिर होत असताना त्याला तो स्वच्छ दिसला. गोरक्षला दोन मुलीच. गंगेवर, रामकुंडात, विधी सावळीरामनेच केले होते. नुकतंच डोकं भादरलेलं, त्यावर ऑक्टोबरचं ऊन. कावळा शिवत नव्हता. तो पायऱ्या चढून वर येत होता आणि मध्येच त्याला वाटलं, डावा हात आपला नाही. जबड्यात जडपणा आला, गार घाम फुटला, पायाखालचा दगड खाली सरकला आणि तो बसला. दुखत नव्हतं, छातीवर कुणीतरी बसलं होतं, इतकंच. "भावाचं दुःख हाय, बसू द्या त्याला," कोणी म्हणालं. लिंबूपाणी आलं. अर्ध्या तासाने तो उठला, घरी गेला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. दुःख असंच असतं असं त्याला वाटलं. दुसरं दुःख त्याला माहीत नव्हतं ताडून बघायला.

तोच तो अटॅक. त्याला शंका उरली नाही. दहा दिवसांनी का होईना, नेणारा आला होता, चुकला नव्हता, दोघांनाही न्यायला आला होता आणि एकाला नेता आलं नाही, कारण आत कुठेतरी केसाएवढ्या वाटा फुटल्या होत्या. म्हणजे तो शिल्लक राहिलेला चुकीचा माणूस नव्हता. हे आईला सांगायचं. त्याच्या मनात वाक्य तयार होऊ लागलं. आई, तेव्हाच मलाही आला होता, दहाव्याला, तू समोर होतीस. तो ते वाक्य वेगवेगळ्या आवाजांत मनातल्या मनात म्हणून बघू लागला. शांतपणे. सहज बोलता बोलता. हसत. प्रत्येक वेळी शेवटी त्याला आईचा चेहरा दिसायचा, शरमेने वाकलेला, आणि आपल्याला तेच बघायचं आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. नर्स आली, पिशवी उचलून बघितली, म्हणाली, "झालं काका, अजून एकच तास." त्या तासात त्याने ते वाक्य टाकून दिलं आणि परत उचललं, कितीतरी वेळा.

पुढच्या रविवारी तो मळ्यात गेला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आता शेजारच्या दोन मळ्यांत इमारती उठल्या होत्या. त्यातल्या एकीची सावली दुपारनंतर गुलाबांवर यायची, आणि त्या बाजूच्या दोन ओळी खुरटल्या होत्या. मालनबाई पत्र्याच्या शेडखाली पोत्यावर बसून गुलाब निवडत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. फडक्यात धरून दांडीचे खालचे काटे ओढून काढायचे, वीस झाले की जुडी बांधायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची. नजर कमी झाली होती, पण बोटं मोजत होती. तो समोर उलट्या क्रेटवर बसला. पिशवीत अँजिओग्राफीचा कागद आणि सीडी होती. ती का आणली, ते त्याला सांगता आलं नसतं.

"प्रतिभाचा फोन आला व्हता," ती म्हणाली. "शुभांगीला. मांडीतून नळी घातली म्हणं."

"हो."

"दुखलं?"

"नाही."

"काय निघालं?"

त्याने सांगितलं. एक रक्तवाहिनी बंद पडलीय, पार बंद. पण बाजूच्या बारक्या वाढल्यात, त्यांच्यातून रक्त पोचतं. ऑपरेशन नाही. गोळ्या घ्यायच्या.

"कोणी वाढवल्या?"

"कोणी नाही. आपोआप."

तिने एक दांडी निरखली, पाकळीला कीड होती म्हणून बाजूला टाकली. "अन् बंद कव्हा पडली?"

ते तिनेच विचारलं. त्याला काही ओढून आणायची गरजच पडली नाही. वाक्य जिभेवर होतं, शांत आवाजातलं. त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या अंगठ्याच्या पेरावर काट्यांनी पडलेल्या बारीक काळ्या रेघा होत्या, अनेक वर्षांच्या. केस इतके विरळ झाले होते की डोक्याची कातडी दिसत होती. तो म्हणाला, "ते कळत नाही. डॉक्टरलाही कळत नाही."

"मला ठावं हाय," मालनबाई म्हणाली.

त्याने मान वर केली.

"दहाव्याला. गंगंवर." तिचे हात चालूच होते. "तू पायरीवर बसला. समदे म्हणले, भावाचं दुःख. मी वरती बायांमधी बसेल व्हते, तुझ्याकडंच पाहत व्हते. तुझ्या व्हटांचा रंग गेला. तुझा रंग कसा जातो ते मला नाय ठावं तर कोणाला? लहानपणापून पाहिला मी तो. मला वाटलं उठावं, हाक मारावी. तोंडच उघडंना. आधी जे तोंड उघडेल व्हतं ना मी, दहा दिस आधी, ते आठवलं. मला वाटलं, देवानं ऐकलं माझं. आता ह्याला बी नेतो."

शेडच्या पत्र्यावर काहीतरी तडकन वाजलं, उन्हाने. तो म्हणाला, "कशाबद्दल बोलतेस तू? मी काही ऐकलं नव्हतं."

"खाट दारातच व्हती, सावळ्या," ती म्हणाली. "नको खोटं बोलू."

त्याला समोरचे गुलाब दिसेनासे झाले. त्याने खाली वाकून उगाच एक दांडी उचलली, तिचे काटे काढायला गेला, आणि काटा बोटात गेला. मालनबाईने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू सातव्या महिन्यातला," ती म्हणाली. "एवढासा. सुईण म्हणली, ह्याच्यावर लय जीव नको लावू, पाचवी पाहायचा नाय. म्हणून मी मनाची तयारी केली. मग तुला मोठा ताप आला, तव्हा केली. काविळीत केली. तुझ्यासाठी मी जलमभर तयार व्हते रे. त्याच्यासाठी एकदा बी नव्हती केली. कशाला करीन? त्याच्याकडं पाहायलाच मला टाईम नव्हता. मी तुझ्याचकडं पाहत राहिले, अन् तो तिकडून निघून गेला."

दोन मळे पलीकडे कुणीतरी मोटार चालू केली. पाईपमधून आधी हवा, मग पाणी येण्याचा आवाज आला. अकरा वर्षं आपण एका वाक्याच्या अलीकडे उभे होतो आणि पलीकडे ही अशी बसली होती, रोज वीस-वीस गुलाब मोजत. हे त्याला आत घेता येईना. राग येईल असं वाटलं, तो आला नाही. हलकं वाटेल असं वाटलं, तेही नाही. फक्त मधली वर्षं, रविवारांनी भरलेली, समोर आली, आणि ती परत मिळणार नव्हती.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?" तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लहान मुलाचा वाटला.

"तू रविवारचा येत व्हता," मालनबाई म्हणाली. "बोलले असते, अन् तेवढा बी आला नसता तर?"

बाहेर टेम्पोने हॉर्न दिला. शुभांगी घरातून "आई, माल झाला का?" असं विचारत आली, दोघांकडे बघितलं, आणि काही न बोलता जुड्यांचा क्रेट उचलून घेऊन गेली. मालनबाईने फडकं झटकलं, गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. परत केला. मग तिने हात वर केला, त्याच्याकडे न बघता.

तो उठला. वजन उचलायचं नाही, दहा किलोसुद्धा नाही, असं डॉक्टर वेदिकाने त्याला दोनदा बजावून सांगितलं होतं. त्याने आईच्या काखेखाली दोन्ही हात घातले आणि तिला उभं केलं. तिला वजनच नव्हतं. ती त्याच्या दंडाला धरून क्षणभर डुलली, पाय जमिनीवर नीट टेकले का ते चाचपलं. "सोडू नको लगेच," ती म्हणाली. "माझे पाय मुंग्यावलेत." तो म्हणाला, "नाही सोडत," आणि टेम्पो निघून गेल्यानंतरही बराच वेळ ती दोघं त्या पोत्यावर तशीच उभी राहिली.